संघ बांधायचा तर वस्ताद टिकू द्या

मित्रांनो, एक साधा प्रश्न. आपल्या कॉलेजला बेसबॉलची टीम आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी हात वर करू नयेत. आमच्या बुटांच्या आवाजानं त्यांची रोज सकाळी झोपमोड होते, म्हणून त्यांना माहीत आहे! बाकीच्यांनी खरं सांगा. नाही ना माहीत? वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं, आणि मी आज त्याच टीममध्ये आहे.

हा लेख लिहायला कारण घडलं. मागच्या महिन्यात कॅन्टीनमध्ये चहा पिताना शेजारच्या टेबलावरून एक वाक्य कानावर आलं. "दोन वर्षं झाली त्या बेसबॉलला. कप कुठाय?" बोलणारा कोण ते महत्त्वाचं नाही. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, कारण आमच्या सरांची नेमणूक वर्षावर्षाची आहे. ती येत्या मे महिन्यात संपते. पुढं चालू ठेवायची की नाही यावर विचार चाललाय म्हणे. तो विचार होताना आमचंही म्हणणं कुणीतरी ऐकावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी थोडी पार्श्वभूमी. टीम पूर्वी होती, कोरोनात मोडली. नंतर स्पोर्ट्स रूमच्या कपाटात चार ग्लोव्ह, दोन बॅटी आणि कडक झालेले काही चेंडू, एवढीच आठवण उरली. त्या चारातला एक ग्लोव्ह डावखुऱ्याचा, आणि डावखुरा कोणीच नाही! मग हे सर आले. जुन्नर-आंबेगावच्या शाळांमध्ये उभी हयात पीटी शिकवून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, गाडीला शिट्टी अडकवून येणारे. पहिल्या दिवशी ग्राउंडवर तेवीस पोरं होती, कारण कुणीतरी अफवा सोडली होती की अटेंडन्स मिळते. दुसऱ्या आठवड्यात सात उरली. बेसबॉलला लागतात नऊ. आठवा मेसमधला वाढपी आणि नववे स्वतः सर, असा आमचा पहिला संघ.

पहिला महिनाभर सरांनी बॅटला हात लावू दिला नाही. फेका आणि झेला, फेका आणि झेला. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेलो. आम्हाला वाटलं, यात शिकायचं काय? पण बेसबॉल समोर आला की क्रिकेटच्या सवयीच आडव्या येतात. क्रिकेटमध्ये चेंडू मारला तरी पळायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. इथं चेंडू आतल्या रेषांत पडला की बॅट टाकून पळावंच लागतं, नव्वद फुटांवरच्या पहिल्या बेसकडं. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या मागं चेंडू सरकवला की चौकार आणि टाळ्या. इथं मागं गेलेला चेंडू फाउल, वर पाहणारे हसतात ते वेगळंच. झेल घ्यायला आमचे दोन्ही हात पुढं जायचे, आणि ग्लोव्ह असतो एका हातात. समोरचा पिचर साडेसाठ फुटांवरून टाकतो, टप्पा नाही, चेंडू थेट अंगावर. हे सगळं विसरून नव्यानं शिकायला वेळ लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करता येतं, हाताला वळण लावता येत नाही.

त्यात आपला परिसर. संध्याकाळी अंधार पडला की प्रॅक्टिस बंद, कारण ग्राउंडच्या कुंपणापलीकडं ऊस आणि उसात बिबट्या. पुण्या-मुंबईच्या पोरांना ही गंमत वाटते, पण माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, आणि ते गंमत म्हणून बांधलेलं नाही. त्यामुळं आमचा वेळ ठरलेला, सकाळी चांगलं उजाडल्यापासून पहिल्या लेक्चरपर्यंत. दीड तास, बस.

निकाल काय? विद्यापीठाच्या पुणे जिल्हा विभागाच्या स्पर्धेत गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात बाद झालो आणि संध्याकाळच्या मेसला हजर. यंदा एक सामना जिंकलो, दुसरा एका रनानं हरलो. तर "कप कुठाय?" याचं प्रामाणिक उत्तर आहे, नाहीये. आता प्रश्न असा की, कप नाही म्हणजे काम झालं नाही, असं म्हणायचं का?

इथं मला चंद्रकांत पंडित आठवतात. क्रिकेट न बघणाऱ्यांसाठी सांगतो. मुंबईचे यष्टिरक्षक, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत घडलेले, भारताकडून 5 कसोटी खेळलेले. पण त्यांचं खरं नाव झालं ते प्रशिक्षक म्हणून. मुंबईला त्यांनी रणजी करंडक जिंकून दिला, त्याचं कौतुक आहेच. पण मुंबईला जिंकून देणं म्हणजे भरल्या ताटात वाढणं. त्यांची कसोटी लागली विदर्भात.

विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. 2017 साली पंडित तिथं प्रशिक्षक म्हणून गेले. फैज फजल कप्तान, सोबत अनुभवी वसीम जाफर, आणि बाकी बहुतेक नावं नागपूरबाहेर कुणी न ऐकलेली. उपांत्य सामना कोलकात्यात कर्नाटकशी. कर्नाटकला जिंकायला हव्या होत्या 198 धावा, ते 192 वर आटोपले. पाच धावांनी विजय! सामन्यात 12 बळी घेतले रजनीश गुरबानीनं. आणि ऐका मंडळी, हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे. तेव्हा "इंजिनिअरिंग करून खेळायला वेळ कुठं मिळतो" हे वाक्य यापुढं जरा जपून वापरा. पुढं इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्यानं हॅट्‌ट्रिक घेतली. अक्षय वाडकर नावाच्या नव्या यष्टिरक्षकानं 133 धावा केल्या. 1 जानेवारी 2018 ला विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. पुढच्या वर्षी, 2018-19 मध्ये, नागपूरला सौराष्ट्राला हरवून पुन्हा उचलला. पहिला नशिबानं मिळाला म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मग पंडित गेले मध्य प्रदेशात. ती गोष्ट तर अजून भारी. 1998-99 च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कप्तान हेच पंडित होते. बेंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक, पहिल्या डावात आघाडीसुद्धा घेतलेली, आणि शेवटच्या दिवशी सामना हातातून गेला. 23 वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच मैदानावर त्यांच्या मध्य प्रदेशनं अंतिम सामना जिंकला. आणि समोर कोण? मुंबई! तो मध्य प्रदेशचा पहिला रणजी करंडक.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, "बघ, पंडितांनी पहिल्याच वर्षी कप आणला. तुमच्या सरांना दोन वर्षं झाली." मुद्दा बरोबर आहे. मीही यावर बराच विचार केला. त्याची दोन उत्तरं सापडली.

पहिलं उत्तर असं की पंडित विदर्भात गेले तेव्हा जमीन नांगरलेली होती. जामठ्याचं स्टेडियम उभं होतं. संघटनेनं काही वर्षं आधीच अकादमी काढून मुलांवर मेहनत घ्यायला सुरुवात केली होती. गुणी पोरं तयार होती, पण आपण मोठ्या संघांना हरवू शकतो हा भरवसा आणि त्यासाठी लागणारी शिस्त नव्हती. ती पंडितांनी आणली. मध्य प्रदेशात जमीन तेवढी तयार नव्हती. ते 2020 मध्ये तिथं गेले आणि करंडक आला 2022 मध्ये. म्हणजे रणजीच्या पातळीवर, पूर्ण वेळ क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना घेऊनही दोन वर्षं लागली. आमच्याकडं चार ग्लोव्ह होते, त्यातला एक उलटा!

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंडित विदर्भातून गेल्यावर काय झालं ते बघा. प्रशिक्षक गेला की संघ पुन्हा जुन्या वाटेला लागतो, असं आपण नेहमी पाहतो. विदर्भाचं तसं झालं नाही. 2023-24 मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत होते, मुंबईकडून हरले. 2024-25 मध्ये केरळविरुद्ध नागपूरला तिसऱ्यांदा करंडक जिंकले. तेव्हा कप्तान कोण होता? अक्षय वाडकर! सात वर्षांपूर्वी इंदूरला शतक ठोकणारा तोच नवखा पोरगा. पंडित तिथं नव्हते, पण त्यांच्या हाताखाली जिंकायला शिकलेला माणूस संघात होता, आणि तो आता नव्यांना शिकवत होता. कोचनं काय बांधलं हे तो असताना जिंकलेल्या कपांवरून पुरतं कळत नाही. तो गेल्यावर काय शिल्लक राहतं, त्यावरून कळतं.

आता हे आपल्या कॉलेजला लावून बघू. रणजीतला खेळाडू दहा-बारा वर्षं खेळतो. आपण किती? नावाला चार वर्षं. एफ.ई.चं पहिलं सेमिस्टर होस्टेलची सवय होण्यात आणि एम-वनच्या भीतीत जातं. डिप्लोमावाले तर थेट एस.ई.ला येतात. बी.ई.ला प्लेसमेंट आणि प्रोजेक्ट. हातात उरतात दोन, फार तर अडीच वर्षं. पोरगा जरा तयार झाला की त्याच्या अंगावर फेअरवेलचा ब्लेझर चढतो. अशा संघाची आठवण कुणाकडं राहणार? पोरं जाणार, जीएस बदलणार, स्पोर्ट्स रूमची किल्ली दरवर्षी नव्या हातात. एकच माणूस टिकू शकतो, तो म्हणजे कोच. त्यालाही आपण दर मे महिन्यात "पुढं बघू" म्हणणार असू, तर दर जूनमध्ये शून्यापासून सुरुवात. मग आणखी दहा वर्षांनीसुद्धा कुणीतरी कॅन्टीनमध्ये विचारेल, "कप कुठाय?"

आपल्या भागाला हे नव्यानं सांगायची गरज नाही खरं तर. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमध्ये बैलगाडा घाटात पळतो तो काही सेकंद. त्या सेकंदांसाठी बैल सांभाळायला, तयार करायला मालकाची वर्षं जातात. एका यात्रेत बारी चुकली म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी बैल बाजारात नेत नाही. तालमीचंही तेच. पैलवान बदलत राहतात, लग्न होतं, नोकरी लागते, अंग सुटतं. वस्ताद मात्र त्याच मातीत बसलेला असतो. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमचे सर तर तोही राखत नाहीत, सगळंच सांगून टाकतात. म्हणतात, माझं वय बघा, राखून ठेवून करू काय?

आता थोडं स्टाफसाठी, आगाऊपणाबद्दल माफी मागून. सर, मॅडम, खाशाबा जाधवांचं नाव आपण सगळे घेतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा त्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आले होते, पदक नव्हतं. तेव्हा जर कुणी "पदक कुठाय?" विचारून हात आखडता घेतला असता, तर हेलसिंकी घडलं असतं का? आम्हाला कुणाचं घर गहाण नको आहे. आम्हाला फक्त एक माणूस हवाय, आणि तो आधीच आपल्याकडं आहे.

दुसरा नेहमीचा आक्षेप, "बेसबॉल खेळून काय होणार? आपल्याकडं कोण खेळतं?" ठीक. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉलही परत येतोय. पण तिथं आमच्यातलं कुणी जाईल असं मी म्हणत नाही, उगाच फेकणार नाही. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल भालाफेक करत होते, बेसबॉल त्यांना माहीतही नव्हता. 2008 मध्ये अमेरिकेत टॉम हाउस नावाच्या मुरलेल्या कोचनं त्यांना चेंडू फेकायला शिकवलं आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक क्लबनं त्यांना करारबद्ध केलं. सांगायचं एवढंच की खांद्यात जोर असलेली पोरं कुठंही असतात. आपल्याकडं बाजरीच्या राखणीला गोफण फिरवलेली पोरं एफ.ई.च्या प्रत्येक बॅचमध्ये येतात. त्यांना ओळखणारी नजर लागते. आमचा पिचर ओतूरकडचा. तो क्रिकेटच्या सिलेक्शनमध्ये नापास झालेला. सरांनी त्याला मेसमागच्या आंब्यावर दगड मारताना पाहिलं आणि ओरडायच्या ऐवजी ग्राउंडवर बोलावलं!

आणि खरं सांगू का, बहुतेकांना खेळातून नोकरी मिळणार नाही. मला त्यातून दुसरं काहीतरी मिळालं. एस.ई.ला माझे तीन विषय राहिले होते. रूमवर पडून राहायचो, घरचे फोन टाळायचो. सर रोज सकाळी खोलीच्या खिडकीखाली येऊन शिट्टी मारायचे, एकदाच, आणि निघून जायचे. दुसऱ्यांदा कधी मारली नाही. पहिले काही दिवस मी पांघरूण ओढून घेतलं. मग लाज वाटायला लागली. एका सकाळी खाली गेलो. ते "का आला नाहीस?" असं काही बोलले नाहीत, ग्लोव्ह हातात दिला. तीनपैकी दोन विषय पुढच्या परीक्षेत सुटले, तिसरा त्याच्या पुढच्या. याचा बेसबॉलशी संबंध आहे की नाही, हे मोजायचं यंत्र आपल्या कुठल्याच लॅबमध्ये नाही. पण वर्षाअखेरीच्या रिपोर्टमध्ये "कप - शून्य" लिहिताना हेही कुठंतरी लिहिलं जावं, असं वाटतं.

सरांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. एक मिनीट उशीर झाला की ग्राउंडला पाच फेऱ्या. आजारी आहे म्हटलं तरी आधी संशय. पंडितांबद्दलही असंच ऐकू येतं. कोलकाता नाइट रायडर्सचे कोच असताना त्यांची कडक शिस्त काही परदेशी खेळाडूंना रुचली नव्हती, हे जाहीरपणे बोललं गेलं. मुलींच्या टीमबद्दल सर अजून "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, आणि लेडीज होस्टेलमधून नऊपेक्षा जास्त नावं गेलेली आहेत. तिथं आम्ही सरांशी भांडतो आणि भांडत राहू. पण भांडायला सुद्धा माणूस जागेवर असावा लागतो ना!

तर मागणी काय, ते मुद्देसूद सांगतो, नाहीतर व्हायवासारखं "पुढं काय?" विचाराल.

एक, कोचची नेमणूक निदान एका पूर्ण बॅचइतकी, म्हणजे चार वर्षांची असावी. आज एफ.ई.ला आलेला पोरगा बी.ई.ला जाईपर्यंत शिकवणारा माणूस तोच राहावा. मग खुशाल हिशोब मागा, आम्हीच देऊ.

दोन, सकाळचा तो दीड तास मोकळा ठेवावा. जादा लेक्चर, सबमिशनची रांग, असलं काही त्यात घालू नये. संध्याकाळ आपल्याकडं बिबट्याची आहे, सकाळ तरी आम्हाला राहू द्या.

तीन, टीमची एक वही असावी. रोज कोण आलं, काय शिकवलं, कुठं चुकलं. सर निवृत्त होतील तेव्हा नव्या माणसाच्या हातात ती वही पडावी. वर्षाच्या शेवटी कपाआधी ती वही तपासावी.

चार, हे आपल्यासाठी. पास होऊन जाणाऱ्या प्रत्येकानं जायच्या आधी दोन ज्युनिअर तयार करावेत. वाडकर नागपूरला जे करतो तेच, आपल्या पातळीवर. मी माझे दोन शोधलेत. एकाला अजून दोन्ही हातांनी झेल घ्यायची सवय आहे, पण सुटेल.

मे महिना लांब नाही. निर्णय घेणाऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, सकाळी ग्राउंडवर यावं. चहा आम्ही पाजू. ग्लोव्ह आता नऊ झालेत, वर्गणी काढून घेतलेत. तो डावखुऱ्याचा ग्लोव्हही कपाटातून बाहेर निघालाय, कारण यंदाच्या एफ.ई.त एक डावखुरा सापडलाय. दोन वर्षं सर त्याचीच वाट बघत होते म्हणे. त्याच्या बी.ई.पर्यंत त्यांना इथंच राहू द्या.

– बी.ई. मेकॅनिकल, मुलांचे वसतिगृह